प्रकाशाने दात वाढतो का?

गेल्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा किडलेली दाढ भरून घेऊन आला. डॉक्टरांनी कीड कोरून काढली, खड्ड्यात कसलासा मऊ लगदा भरला आणि मग निळा दिवा लावलेली एक कांडी काही सेकंद दाढेवर धरली. लगदा दगडासारखा टणक झाला! दुसऱ्या दिवशी तासाला त्याने उभे राहून विचारले, "सर, प्रकाशाने दात वाढतो का?"

वर्ग हसला. खरे सांगायचे तर मलाही हसू आले. त्याने पाहिलेल्या प्रकाराचा दात वाढण्याशी काही संबंध नव्हता. त्या लगद्यात एक प्रकारची राळ असते. तिच्यात मिसळलेला एक पदार्थ निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे राळेचे रेणू एकमेकांना साखळीसारखे जोडले जातात आणि राळ घट्ट होते. निव्वळ रसायनशास्त्राचा खेळ. दातातील एकाही जिवंत पेशीला त्याची गंधवार्ता नसते. एवढे सांगून मी त्याला खाली बसवले.

पण घरी गेल्यावर मला चुकल्यासारखे वाटू लागले. कारण नेमका हाच प्रश्न काही शास्त्रज्ञांनी खरोखर विचारला होता, त्यासाठी उंदरांच्या दाढा कोरल्या होत्या, आणि त्यांना मिळालेले उत्तर सरळ 'नाही' असे नव्हते. त्या मुलाला मी जे सांगायला हवे होते ते आज तुम्हा सर्वांनाच सांगतो. मात्र सुरुवात दातापासून न करता केसांपासून करू.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर बनवला. तो माणकाच्या स्फटिकाचा होता. एकाच रंगाचा, सरळ रेषेत जाणारा असा हा प्रखर प्रकाश हाती येताच डॉक्टरांना वाटले, याने कर्करोगाच्या गाठी जाळून टाकता येतील. त्याबरोबरच उलटी भीतीही होती: या किरणांनीच कर्करोग झाला तर? हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथील एन्ड्रे मेस्टर या शल्यविशारदांनी ते तपासून पाहायचे ठरवले. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले. निम्म्या उंदरांवर माणकाच्या लेसरचा सौम्य प्रकाश सोडला, निम्म्यांवर सोडला नाही. कर्करोग कोणालाच झाला नाही. पण ज्यांच्यावर प्रकाश पडला होता त्यांच्या पाठीवर केस लवकर उगवले! हे १९६७ सालचे. मेस्टर शोधायला गेले एक आणि हाती आले दुसरेच. पुढे भादरलेल्या उंदरांवरून ते माणसांच्या बऱ्या न होणाऱ्या जखमांकडे वळले.

प्रकाशाने शरीरावर परिणाम होतो यात तसे नवल नाही. उन्हात त्वचा काळवंडते. कावीळ झालेल्या तान्ह्या बाळाला इस्पितळात निळ्या दिव्याखाली ठेवलेले तुमच्यापैकी कोणी पाहिले असेल. तेथे निळा प्रकाश त्वचेत साठलेल्या बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या द्रव्याच्या रेणूंचा आकार बदलतो, आणि मग ते शरीराबाहेर टाकणे सोपे जाते. पण मेस्टर यांच्या उंदरांत काही वेगळेच घडले होते. तेथे एखादे साठलेले द्रव्य बदलले नव्हते, तर पेशी कामाला लागल्या होत्या.

कोणत्या पेशी? हे समजण्यासाठी थोडे कॅनडात जाऊ.

१९६१ साली टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅकलॉक हे दोघे अस्थिमज्जेचा अभ्यास करीत होते. टिल पदार्थवैज्ञानिक, मॅकलॉक डॉक्टर. त्यांनी क्ष-किरणांचा जबर मारा करून उंदरांची स्वतःची मज्जा निकामी केली आणि दुसऱ्या निरोगी उंदरांच्या मज्जेतील पेशी त्यांना टोचल्या. दहा-अकरा दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसू लागल्या. टोचलेल्या पेशी जितक्या जास्त, तितक्या गाठी जास्त. एकेक गाठ म्हणजे एकेका पेशीचा वंशविस्तार होता, हे १९६३ मध्ये नक्की झाले. गंमत अशी, की एकाच गाठीत रक्तातल्या निरनिराळ्या प्रकारच्या पेशी सापडत. म्हणजे मज्जेत अशी एखादी पेशी असते, जी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करते आणि शिवाय वेगवेगळ्या कामांच्या पेशींनाही जन्म देते. हीच मूलपेशी.

तुमच्या शरीरातल्या बहुतेक पेशींचे काम ठरून गेलेले असते. स्नायूची पेशी आकुंचन पावेल, पण तिला कोणी कितीही सांगितले तरी ती हाड घडवणार नाही. मूलपेशीचे तसे नाही. तिने अजून कोणता धंदा धरलेला नसतो. तिच्यापुढे दोन वाटा असतात. एक, दुभंगून स्वतःसारख्या पेशींची संख्या वाढवणे. दुसरी, एखादे काम पत्करून त्याला लागणारा आकार आणि साधने धारण करणे. या दुसऱ्या वाटेला शास्त्रज्ञ 'विभेदन' म्हणतात. एकदा विभेदन झाले की सहसा माघार नाही. अशा पेशी मज्जेत असतात, चरबीत असतात, केसांच्या मुळाशी असतात, आणि दातांतही असतात. केसांच्या मुळाजवळचे त्यांचे ठिकाण १९९० साली सापडले. मेस्टर यांच्या उंदरांचे केस लवकर उगवले ते या पेशी जाग्या झाल्यामुळे असतील, असे आता मागे वळून पाहताना म्हणता येते. त्या वेळी मात्र कोणाला ते सुचणे शक्य नव्हते.

आता दाताकडे येऊ. दाताचा उभा छेद तुम्ही पुस्तकात पाहिला असेल. सर्वांत वर दंतवल्काचे चकचकीत, अतिशय कठीण कवच. त्याखाली दंतिन, दाताचा मोठा भाग याचाच बनलेला असतो. आणि अगदी आत, मऊ गरासारखी दंतमज्जा. तिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि काही मूलपेशी असतात. कीड दंतवल्क आणि दंतिन पोखरत मज्जेपर्यंत पोचली, की ठणका सुरू होतो.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रवीण अरणी, डेव्हिड मूनी आणि त्यांचे सहकारी यांनी रॅट म्हणतात त्या मोठ्या उंदरांच्या दाढांना बारीक भोके पाडली, ती थेट दंतमज्जा उघडी पडेपर्यंत. उंदराची दाढ केवढी! तिला मज्जेपर्यंतच भोक पाडायचे आणि पलीकडे जाऊ द्यायचे नाही, हे काम करणाऱ्याच्या हाताला दाद द्यायला हवी. मग उघड्या मज्जेवर त्यांनी थोडा वेळ अवरक्त लेसरचा सौम्य प्रकाश सोडला. त्याची तरंगलांबी सुमारे ८१० नॅनोमीटर, म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या तांबड्या रंगाच्या जरा पलीकडची. नंतर भोके तात्पुरती बुजवली आणि वाट पाहिली. बारा आठवड्यांनी पाहिले, तो प्रकाश दिलेल्या दाढांत नवे दंतिन जास्त प्रमाणात तयार झालेले होते.

पण नुसते 'झाले' म्हणून शास्त्रज्ञाचे समाधान होत नाही. ते कसे झाले हे त्याला हवे असते. या प्रयोगाचा माझ्या मते सर्वांत सुंदर भाग तोच आहे.

आपल्या शरीरात टीजीएफ-बीटा नावाचे एक प्रथिन असते. पेशींना निरोप पोचवणे हे त्याचे काम. दंतमज्जेतल्या मूलपेशींना 'दंतिन घडवणाऱ्या पेशी व्हा' असा निरोप ते देऊ शकते. पण हे प्रथिन मोकळे हिंडत नाही. दुसऱ्या एका प्रथिनाच्या वेष्टनात ते कोंडलेले असते, कुलूप लावलेल्या पेटीतल्या पत्रासारखे. पत्र घरातच आहे, पण वाचता येत नाही. लेसरचा प्रकाश पडला तेव्हा पेशींच्या आसपास ऑक्सिजनची काही अतिशय क्रियाशील रूपे क्षणभर निर्माण झाली. त्यांनी वेष्टनातल्या एका विशिष्ट ठिकाणी, मेथिओनिन नावाच्या एका घटकावर, परिणाम केला आणि वेष्टन उघडले. प्रथिन सुटले, निरोप पोचला, मूलपेशी कामाला लागल्या. म्हणजे प्रकाशाने पेशीला थेट हुकूम दिला नाही. त्याने फक्त कुलूप काढले.

हे स्पष्टीकरण बरोबर कशावरून? त्यांनी ते मोडून पाहण्याचा प्रयत्न केला. या प्रथिनाचा निरोप अडवणारी रसायने वापरून पाहिली. निरोप 'ऐकण्याची' सोयच ज्यांच्या दंतिन घडवणाऱ्या पेशींत नाही, असे उंदीर मुद्दाम तयार करून त्यांच्यावरही प्रकाश सोडला. दोन्ही वेळा प्रकाशाचा तो परिणाम दिसला नाही. स्वतःची कल्पना खोटी पाडण्याचा असा प्रामाणिक प्रयत्न करूनही ती टिकली, तेव्हा २०१४ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. तुमच्यापैकी जे विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग मांडतात त्यांनी येथे थांबून थोडा विचार करावा. 'करून पाहिले, जमले' एवढ्यावर आपण फलक रंगवून मोकळे होतो!

प्रकाश पेशीला हलवतो तो या एकाच मार्गाने असेही नाही. पेशीतली ऊर्जा तयार होण्याचे ठिकाण म्हणजे तंतुकणिका, हे तुम्ही शिकला आहात. तेथे सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे एक विकर आहे. तुम्ही श्वासावाटे घेतलेला ऑक्सिजन अखेर वापरला जातो तो याच विकरापाशी. त्यात लोह आणि तांबे यांचे अणू असतात, आणि ते तांबडा व अवरक्त प्रकाश शोषतात. मॉस्कोजवळच्या त्रोईत्स्क येथे काम करणाऱ्या टीना कारू यांनी १९८० च्या दशकात असे मांडले, की प्रकाश प्रथम टिपला जातो तो येथेच. मग विकराचे काम वेगाने चालते आणि पेशीला जास्त ऊर्जा मिळते. बरीच वर्षे हेच उत्तर पुस्तकांत लिहिले जाई. पण २०१९ साली एका प्रयोगात हे विकर नसलेल्या पेशीही तांबड्या प्रकाशाने वाढताना दिसल्या! तेव्हा कारूंचे उत्तर अगदी चूक नसले तरी पुरते नाही, असे म्हणावे लागते. भांडण अजून मिटलेले नाही.

आता रंगाचा प्रश्न. बोस्टन येथील मायकेल हॅम्ब्लिन यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशी काचेच्या भांड्यात वाढवून त्यांच्यावर चार प्रकारचे प्रकाश टाकून पाहण्यात आले: सुमारे ४२० नॅनोमीटरचा निळा, ५४० चा हिरवा, ६६० चा तांबडा आणि ८१० चा अवरक्त. २०१६ आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेले निकाल मोठे मजेदार आहेत. तांबड्या व अवरक्त प्रकाशात पेशींची संख्या वाढली. निळ्या-हिरव्या प्रकाशात ती वाढ उलट मंदावली. पण हाड होण्यास पोषक अशा द्रवात ठेवलेल्या पेशी याच निळ्या-हिरव्या प्रकाशात हाडाच्या पेशी होण्याच्या वाटेला जास्त लागल्या. त्या वेळी पेशींच्या आत कॅल्शियम वाढलेले आढळले, आणि कॅल्शियम आत येण्याची दारे औषधाने बंद करताच परिणाम थांबला. मूलपेशीपुढच्या ज्या दोन वाटा मी मघाशी सांगितल्या, त्यांतली एक तांबड्या दिव्याची आणि दुसरी निळ्या-हिरव्या दिव्याची, असेच जणू!

मग हाड मोडले की त्यावर निळा दिवा धरावा का? याचे उत्तर तुम्ही स्वतःच काढू शकाल. रात्री अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या काचेवर तळहात घट्ट दाबून धरा आणि ती पेटवा. बोटांच्या कडा लालभडक दिसतील. आता काचेवर लाल जिलेटीन कागद लावून पाहा, मग हिरवा, मग निळा. लाल प्रकाश बोटातून बऱ्यापैकी पार येतो. निळा जवळजवळ आतच गडप होतो. रक्तातले हिमोग्लोबिन निळा आणि हिरवा रंग शोषून घेते, तांबडा पुष्कळसा सोडून देते. अवरक्त प्रकाश तर आणखी खोल जातो, फक्त तो तुम्हाला दिसत नाही. त्याही पलीकडे, साधारण हजार नॅनोमीटरच्या पुढे, मांसातले पाणीच प्रकाश अडवू लागते. म्हणून शरीरात खोलवर डोकावायला तांबड्यापासून अवरक्तापर्यंतची एक अरुंद खिडकी तेवढी मोकळी आहे. काचेच्या भांड्यात निळा प्रकाश कितीही गुणी ठरला तरी त्वचेआडच्या हाडापर्यंत तो पोचायचा कसा? (हा प्रयोग विजेरीनेच करा. खेळण्यातला लेसर यासाठी नको. त्याचा किरण डोळ्यात गेला तर दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.)

खिडकीचा उपयोग मात्र करता येतो. इस्राएलमधील तेल अवीव विद्यापीठात उरी ओरॉन यांच्या गटाने हृदयाला इजा झालेल्या उंदरांच्या हृदयावर नव्हे, तर पायाच्या हाडावर लेसर धरला. कारण मूलपेशींचे कोठार तेथे, मज्जेत! काही काळाने हृदयात मूलपेशींसारख्या पेशी जास्त आढळल्या आणि हृदयावरचा व्रण लहान राहिला. हे २०११ सालचे. उंदराचे हाड बारीक असते, त्यातून प्रकाश सहज आत शिरतो. तुमच्या-माझ्या नडगीत तो कितपत शिरेल, याचा अंदाज विजेरीच्या प्रयोगावरून करा.

आणखी एक हिशेब करून पाहू. अशा प्रयोगांत प्रकाशाचा नेहमीचा डोस म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर काही थोडे ज्यूल. समजा, ५० मिलिवॅटचा लेसर एका चौरस सेंटिमीटरवर एक मिनिट धरला. ०.०५ वॅट गुणिले ६० सेकंद, म्हणजे ३ ज्यूल. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला ४.२ ज्यूल लागतात. म्हणजे ही सगळी ऊर्जा एक ग्रॅम मांसात मुरली आणि जराही बाहेर गेली नाही, तरी तापमान वाढेल फार तर ०.७ अंशाने. तेव्हा हा शेकण्याचा प्रकार नव्हे, हे उघड आहे. उलट, भर दुपारच्या उन्हात एका चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला साधारण ०.१ ज्यूल पडतात. तीन ज्यूल अर्ध्या मिनिटात मिळतात. मग उन्हात हिंडणाऱ्या गुराख्याला याचा लाभ का होत नाही, असे तुम्ही विचाराल. एक तर त्या उन्हात सगळे रंग मिसळलेले असतात, ८१० नॅनोमीटरच्या आसपासचा वाटा अगदी थोडा. आणि दुसरे म्हणजे दंतमज्जा कोणी उन्हात उघडी टाकून हिंडत नाही!

डोसाची दुसरी खोच अशी, की कमी दिला तर काही होत नाही, बेताचा दिला तर पेशी वाढतात, आणि जास्त दिला तर त्याच पेशी मंदावतात किंवा मरतात. ज्या क्रियाशील ऑक्सिजनने कुलूप उघडले, तोच फार झाला तर घर जाळतो. 'थोड्याने गुण आला, तर भरपूर देऊ' हा हिशेब येथे चालत नाही. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत याचे मोठे कारण हेच आहे. कोणी डोस पुरता लिहून ठेवत नाही, कोणी दिव्याचे अंतर सांगत नाही.

माणसांचे काय? एका ठिकाणी या प्रकाशाने निश्चित आधार दिला आहे. डोक्या-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार चालू असताना रोग्याचे तोंड आतून सोलवटून निघते. पाण्याचा घोट गिळणेही नकोसे होते. आपल्या देशात तंबाखूपायी तोंडाचे कर्करोग किती होतात हे सांगायला नको. अशा रोग्यांच्या तोंडात उपचाराच्या काळात सौम्य लेसर दिल्यास फोड कमी येतात, असे अनेक चाचण्यांत दिसले. त्यांपैकी एक मोठी चाचणी कर्नाटकात मणिपाल येथे झाली आणि २०१२ साली प्रसिद्ध झाली. ब्रिटनच्या आरोग्यखात्याला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०१८ साली या उपचाराला मान्यता दिली. पण पाहा, मेस्टर यांचा जुना प्रश्न येथे पुन्हा पुढे उभा राहतो. निरोगी पेशींना हुरूप देणारा प्रकाश चुकून कर्करोगाच्या पेशींनाही हुरूप देणार नाही ना? म्हणून डॉक्टर या रोग्यांवर पुढेही बारीक नजर ठेवून असतात.

मूलपेशींवरच्या उपचारांची गोष्ट मात्र वेगळी. 'मूलपेशी टोचा, वर लेसर द्या आणि गुडघे, मणके, मधुमेह सारे बरे करा' अशा जाहिराती तुमच्याही पाहण्यात येतील, आणि घरात कोणी दीर्घ दुखण्याने गांजलेले असेल तर त्या मोठ्या मोहात पाडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे मूलपेशींचा नेहमीचा उपचार म्हणून वापर रक्ताच्या काही रोगांपुरताच, म्हणजे मज्जारोपणासारख्या कामापुरता, मान्य आहे. बाकी सारे रीतसर नोंदलेल्या चाचणीतच करायचे, आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रोग्याकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. पावती फाडून देणारा 'संशोधक' भेटला, तर आई-वडिलांना हे जरूर सांगा.

आमच्या त्या विद्यार्थ्याला मी दुसऱ्या आठवड्यात बोलावून घेतले आणि हे सगळे सांगितले. त्याने नीट ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे सर, दंतिन वाढेल. पण वरचे कवच?" प्रश्न अगदी मर्मावर होता. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच असतात. मग त्या नाहीशा होतात. कुलूप काढून उपयोग नाही, कारण पत्र वाचणारेच घरात उरलेले नाहीत. शिवाय उंदरांच्या दाढांत दंतिन आले ते आतल्या बाजूने, मज्जेचे रक्षण करण्यापुरते. दाढेचा मूळ आकार काही त्याने भरून आला नाही. त्यामुळे उद्या हा उपचार माणसांत यशस्वी झाला, तर मज्जा काढून टाकण्याची वेळ कदाचित टळेल, पण वरचा खड्डा बुजवायला तीच राळ आणि तोच निळा दिवा लागणार. मुलाने जीभ फिरवून आपली भरलेली दाढ चाचपली आणि विचारले, "मग सर, दंतवल्काच्या पेशी मूलपेशींपासून नव्याने नाही का करता येणार?" त्यावर काही प्रयोगशाळांत काम चालू आहे. ते पुन्हा केव्हा तरी.